सहावी-सातवीला छोट्या व्हिडिओंवरून जीवसृष्टी शिकवणं: जूनपासूनचा अनुभव

जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. जूनपासून जवळजवळ प्रत्येक धड्याला दोन-तीन मिनिटांचा एखादा व्हिडिओ लावतेय, टीव्ही आहे वर्गात, पण रेंज मात्र नाही, त्यामुळे पुस्तकातला क्यूआर कोड घरीच स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं डाउनलोड करून नेते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फुलपाखराच्या धड्याला. शाळेच्या कढीपत्त्यावर अळ्या होत्याच, लहान असताना त्या अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, पोरं आधी हातच लावेनात. अंडी, अळी, कोष सगळं झाडावरच बघून झालं. पण कोषातून फुलपाखरू बाहेर येतं ते बहुतेक सकाळी सकाळी, तेव्हा शाळेत कोण असतं? ते व्हिडिओत दाखवलं, चुरगळलेले पंख, मग शरीरातला द्रव आत भरत भरत ते कसे ताठ होतात, पुन्हा पुन्हा लावायला लावलं पोरांनी. म्हणजे जे अंगणात दिसतं त्याला व्हिडिओ नकोच, जे फार हळू, फार झटकन किंवा फार बारीक असतं त्यालाच लावायचा, असं माझं तरी झालंय आता.

बियाणं रुजण्याचा टाइमलॅप्स छान असतो पण त्यात गंमत अशी की अर्ध्या मिनिटात मोड, मूळ, पानं सगळं आलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं विचारतात बाई आमची चवळी अजून तशीच का. आता आधी ग्लासात ओल्या कागदावर चवळी लावते, रोज वहीत चित्र काढायचं, आणि व्हिडिओ शेवटी.

हृदयाच्या बहुतेक ॲनिमेशनमध्ये अशुद्ध रक्त निळं दाखवतात. मग मुलांना वाटतंच की शिरांत निळं रक्त असतं, मनगटावर दिसतं ना बाई! ते प्रत्यक्षात गडद लाल असतं, हे तिथेच पॉज करून सांगावं लागतं. हृदयातली झडप काही केल्या समजत नव्हती, त्यासाठी खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचे टाकाऊ वस्तूंपासून पंप बनवायचे छोटे व्हिडिओ कामी आले, पाणी एकाच बाजूला का जातं हे हातात पंप धरल्यावर कळलं. मग नाडी मोजली, बसून आणि मैदानाला चक्कर मारून. हा तास सगळ्यात भारी झाला.

प्रकाशसंश्लेषणाचे व्हिडिओ मला धड आवडलेच नाहीत. बाण आत कार्बन डायऑक्साइड, बाण बाहेर ऑक्सिजन, संपलं. झाड श्वसनसुद्धा करतं, दिवसरात्र करतं, हे कुणी दाखवतच नाही, आणि मग परीक्षेत "झाडं फक्त ऑक्सिजन सोडतात" असं लिहून येतात. त्यापेक्षा रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, बघितली, आणि ती उघडतात-मिटतात एवढंच व्हिडिओवर.

आणि एक, आवाज बंद करून लावून बघा. काय चाललंय ते एकेकाने बोलायचं, एरवी गप्प बसणारीही बोलतात. पाच मिनिटांच्या वरचा असेल तर मी सरळ कापून तेवढाच तुकडा ठेवते, पाठीमागचं ते ढॅणढॅण म्युझिक तर आधी काढते.

लाइट गेली तर फोन आहेच, पण चाळीस पोरं एका फोनवर नको रे बाबा.