पहिला प्रवेश: ‘मॅकबेथ’ की ‘हॅम्लेट’?

शिवाजी मंदिरात तिसरी घंटा झाली की पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षक नाटकाच्या हाती लागतो, नाहीतर निसटतो. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ हे काम दणक्यात करतं: ढगांचा गडगडाट, विजा, तीन चेटकिणी, जेमतेम डझनभर ओळी आणि त्यातच नायकाचं नाव. प्रकाशयोजनाकाराला मेजवानीच! पण धूर जरा जास्त झाला की भीती जाते, नुसता देखावा उरतो.

मला ‘हॅम्लेट’ची सुरुवात जास्त कसदार वाटते. मध्यरात्र, कडाक्याची थंडी, किल्ल्याच्या तटावर पहारा बदलतोय. ‘कोण आहे?’ असं खरं तर पहाऱ्यावरच्या फ्रान्सिस्कोने दरडावायचं. पण विचारतो तो पाळीवर येणारा बर्नार्डो. म्हणजे भूत दिसायच्या आधीच आपल्याला घाबरलेला माणूस दिसतो. नटाने या प्रश्नानंतर थोडं थांबायलाच हवं. फ्रान्सिस्कोही खिन्न आहे, आणि का ते सांगत नाही.

शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहातले प्रयोग भर दुपारी, उघड्या आभाळाखाली व्हायचे; रात्र उभी केली ती शब्दांनी. म्हणून दादरच्या छबिलदाससारख्या, मोजक्या दिव्यांच्या सभागृहातही हा प्रवेश रंगू शकतो. ‘मॅकबेथ’ला मात्र ध्वनियंत्रणा चांगली हवीच.