सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४: फोन खिशात ठेवून मोड बदलायचा तर

सोनीचा हा हेडफोन २०२० सालचा, पण आजही भरपूर वापरात आहे. त्याच्या आवाजाबद्दल आणि नॉइज कॅन्सलिंगबद्दल पुष्कळ लिहून झालंय, म्हणून इथे एकच गोष्ट तपासू. हेडफोन डोक्यावर आहे, एका हाताने लोकलमधली कडी धरली आहे, फोन खिशात आहे आणि पुढच्या स्टेशनची घोषणा ऐकायची आहे. अशा वेळी मोड, म्हणजे बाहेरचा आवाज दाबायचा की आत घ्यायचा हे, किती सहज बदलतो? आणि बदलला हे कळतं का?

मुख्य काम डाव्या कपच्या कडेवरच्या ‘कस्टम’ बटणाचं. खरं, दाबलं जाणारं बटण आहे, त्यामुळे घामेजल्या बोटांनीही चुकत नाही. दाबलं की बाईचा आवाज मोडचं नाव सांगतो. ही फार मोलाची सोय आहे. नुसता ‘टिंग’ वाजला असता तर तीन मोडांपैकी नेमका कोणता लागला हे आठवत बसावं लागलं असतं. गफलत होते ती शेजारच्या पॉवर बटणामुळे. दोन्ही एकाच कडेवर, अंगठा चुकून पॉवरवर पडला की मोडऐवजी बॅटरी किती उरली ते ऐकू येतं. आणि कस्टम बटण सुमारे २ सेकंद दाबून राहिलं, तर नॉइज कॅन्सलिंग ऑप्टिमायझर सुरू होतो: गाणं थांबतं, कानात चाचणीचे सूर वाजतात. चष्मा, केसांची ठेवण आणि हवेचा दाब यांचा हिशेब लावणारी ही सोय चांगलीच आहे, विमानात तर जरूर वापरावी. पण रोज लागणारं काम आणि महिन्यातून एकदा लागणारं काम एकाच बटणावर, फक्त दाबण्याच्या वेळेच्या फरकाने ठेवणं चूक आहे.

दुसरी अडचण चक्राची. कॅन्सलिंग, ॲम्बियंट (बाहेरचा आवाज आत घेणारा) आणि बंद (दोन्ही नाही) असे तिन्ही मोड चक्रात ठेवले, तर ॲम्बियंटवरून कॅन्सलिंगवर परत यायला दोनदा दाबावं लागतं. उपाय सोपा आहे. फोनवरच्या सोनीच्या ॲपमध्ये कस्टम बटणाच्या सेटिंगमधून ‘बंद’ काढून टाका. दोनच मोड उरले की दाबलं की इकडे, पुन्हा दाबलं की तिकडे, न चुकता. याच सेटिंगमध्ये हे बटण गूगल असिस्टंट किंवा अलेक्साला देता येतं. ते देऊ नका. दिलंत तर हेडफोनवरून मोड बदलायची वाटच बंद होते आणि दर वेळी फोन बाहेर काढावा लागतो.

या हेडफोनवरची सगळ्यात विचारपूर्वक केलेली सोय मात्र उजव्या कपवर आहे. त्यावर तळवा ठेवला की गाणं हळू होतं आणि बाहेरचा आवाज आत येतो. हात काढला की सगळं पूर्ववत. हा मोड हातात धरलेला असतो, म्हणून तो चालू राहून विसरला जाण्याचा प्रश्नच येत नाही. दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे, तिकीट मागायचं, एवढ्यासाठी हाच वापरावा. ॲपमध्ये टच पॅनल बंद केलं असेल तर ही सोयही जाते, हे लक्षात ठेवा.

‘स्पीक-टू-चॅट’ नेमकं उलट वागतं. तुम्ही बोललात की हेडफोन स्वतःहून गाणं थांबवून बाहेरचा आवाज आत घेतो. कल्पना छान, पण गुणगुणणं आणि खोकला हेसुद्धा त्याला बोलणंच वाटतं. शिवाय उजव्या पॅनलवर दोन बोटं थोडा वेळ टेकली की ते चालू-बंद होतं. हेडफोन सरळ करताना नकळत असं घडतं आणि मग गाणं मधेच का थांबतंय ते उमगत नाही. असं व्हायला लागलं तर पुन्हा दोन बोटं टेका, किंवा ॲपमधून ते बंदच करून टाका.

‘ॲडॅप्टिव्ह साउंड कंट्रोल’ हे बसणं, चालणं, धावणं आणि प्रवास ओळखून मोड बदलतं. इथे मांडणीतला खरा दोष दिसतो. तुम्ही बटणाने मोड निवडलात, तरी फोनला तुमची हालचाल बदललेली वाटली की तो निवड फिरवतो. माणसाने हाताने केलेली निवड यंत्राने मोडू नये. रोजच्या वापरात हे बंद ठेवलेलं बरं.

ॲम्बियंटच्या २० पायऱ्या आहेत, पण त्या बदलायला ॲपच उघडावं लागतं. म्हणून पातळी एकदाच नीट लावून ठेवा. फलाटावरच्या घोषणांसाठी वरच्या पायऱ्या आणि सोबत माणसांचा आवाज उठून ऐकवणारं ‘फोकस ऑन व्हॉइस’ चालू. मग बटणावर तीच पातळी मिळते.

आता एक मोड असा, जो कोणी निवडलेलाच नसतो. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. ब्लूटूथचा संगीताचा मार्ग एकेरी आहे. हेडफोनचा माइक उघडला की जोडणी हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथच्या फोन-संभाषणाच्या मार्गावर जाते, आणि तिथे आवाज मोनो आणि जेमतेम १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर, म्हणजे कमी तपशिलावर येतो. विंडोज १० मध्ये तर एकाच हेडफोनची ‘स्टीरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसतात, आणि कोणतं का निवडायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा आणि स्पीकर हेडफोनचा ‘स्टीरिओ’ असा निवडा, आवाज जागेवर येतो.

दोन उपकरणं एकाच वेळी जोडायची सोय चालू केली की एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त तपशिलाने आवाज पाठवायची सोनीची पद्धत (कोडेक), मिळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. कोडेकचं नाव ॲपमध्ये दिसतं, शंका आली की आधी तिथे बघा. आयफोनवाल्यांना याची चिंता नाही, कारण आयफोन एलडॅक वापरतच नाही.

तुलनेला एअरपॉड्स प्रो घेतले तर तिथे दांडी दाबून धरली की मोड बदलतो, आणि कोणते मोड चक्रात हवेत ते ठरवता येतं. पण नाव बोलून दाखवत नाहीत, सूर ऐकून ओळखावं लागतं. २०२२ च्या एक्सएम५ मध्ये सोनीने त्या बटणावर ‘कस्टम’ऐवजी ‘एनसी/एएमबी’ (नॉइज कॅन्सलिंग/ॲम्बियंट) असं सरळ छापलं आणि ऑप्टिमायझर आपोआप चालणारा केला. त्यामुळे बटण जास्त वेळ दाबलं गेलं तरी चाचणीचे सूर आता वाजत नाहीत. एक्सएम४ स्वस्तात मिळत असेल आणि वरच्या सेटिंग बदलायची तयारी असेल, तर तो घ्यायला हरकत नाही.