सहकाऱ्यांना पुस्तके सुचवण्यासाठी संदेशगट, सामायिक तक्ता की महिन्याची बैठक?

साहित्यसंस्थेत पुस्तके सुचवणाऱ्यांची वाण कधीच नसते. संपादक, ग्रंथपाल, अनुवादाचे काम पाहणारे, कार्यक्रम आखणारे असे सगळेच वाचत असतात आणि वाचलेले दुसऱ्याला सांगितल्यावाचून त्यांना राहवत नाही. अडचण येते ती नंतर. परिसंवादासाठी वक्ते ठरवताना किंवा ग्रंथालयाची खरेदीयादी करताना, तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी कळकळीने सुचवलेले ते पुस्तक नेमके कोणते, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून कोणती पद्धत स्वीकारावी हे ठरवताना सोयीच्या आधी हे पाहावे, की गरज पडेल तेव्हा शिफारस तिच्या कारणासह सापडेल का.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट सर्वांत सोपा, कारण तो बहुधा आधीपासूनच असतो. मुखपृष्ठाचे छायाचित्र टाकले, खाली ‘अप्रतिम, जरूर वाचा’ असे लिहिले की काम झाले. पण सुट्ट्यांच्या सूचना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये ती शिफारस संध्याकाळपर्यंत दिसेनाशी होते, आणि गटात संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती २४ तासांत, ७ दिवसांत किंवा फार तर ९० दिवसांत कायमची जाते. दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. वरिष्ठांनी पुस्तक सुचवले की अंगठ्याच्या चिन्हांची रांग लागते आणि नव्याने रुजू झालेल्याने सुचवले की शांतता पसरते. पुस्तकाचा गुण मात्र दोन्ही वेळा अज्ञातच राहतो.

सामायिक तक्ता, म्हणजे सर्वांना भरता येणारी ऑनलाइन स्प्रेडशीट, भरायला कंटाळवाणा असतो, तरीही माझा कौल त्यालाच आहे, आणि तो मुख्यतः दोन रकान्यांमुळे. पहिला रकाना अनुवादक आणि आवृत्तीचा. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद उपलब्ध असताना नुसते नाव सुचवणे म्हणजे अर्धवट निरोप देणे होय. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक, लिहिल्यास हा घोटाळा टळतो, कारण पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक असतात. १ जानेवारी २००७पासून हा क्रमांक १३ अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर तो १० अंकी आढळतो, आणि फार जुन्या पुस्तकांवर तो नसतोच, तेव्हा तिथे प्रकाशक व वर्ष नोंदवावे. दहा अंकी क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर तक्ता त्याला साधी संख्या समजून ते शून्य गाळून टाकतो, म्हणून त्या रकान्याची मांडणी आधीच ‘मजकूर’ अशी करून ठेवावी.

दुसरा रकाना ‘कोणासाठी आणि का’ हा. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत मांडले. हा रकाना त्याचाच रोजच्या कामातील उपयोग आहे. नोंद कशी असावी याचा नमुना म्हणून असे लिहिता येईल: ‘पहिल्या चार प्रकरणांत आई बोलते, पाचव्यापासून मुलगी. अनुवादात दोघींची बोली वेगळी राखली आहे. बोलीभाषेतील संवादांवर काम करणाऱ्यांनी पाहावे. कथानकासाठी वाचणाऱ्यांना मधला भाग संथ वाटेल.’ वाचावे की नाही, हे यावरून सहकारी स्वतः ठरवू शकतो.

गुडरीड्स, लायब्ररीथिंग, स्टोरीग्राफ यांसारखी वाचन-संकेतस्थळे वैयक्तिक नोंदींसाठी चांगली आहेत, परंतु संस्थेअंतर्गत देवाणघेवाणीसाठी मी ती सुचवणार नाही. तिथे लिहिलेले मत अनोळखी वाचकांपर्यंतही पोहोचू शकते आणि मग ते एका वाचकाचे न राहता संस्थेचे मानले जाण्याचा धोका असतो.

महिन्याच्या बैठकीत जे घडते ते लेखी नोंदीत घडत नाही. कुणी अर्धे पान मोठ्याने वाचून दाखवतो, ऐकणारा एखाद्या शब्दावर अडतो, आणि शिफारस करणाऱ्यालाच आपले मत पुन्हा तपासावे लागते. मात्र अस्खलित बोलणाऱ्याचे पुस्तक इथे सहज बाजी मारते आणि गैरहजर व्यक्तीला काहीच मिळत नाही. प्रत्येकाला पाच मिनिटे आणि त्याच दिवशी तक्त्यात नोंद, एवढे पथ्य पाळले तरच बैठकीचा वेळ सार्थकी लागतो.

पद्धत कोणतीही असो, साहित्यसंस्थेला एक मर्यादा आखून घ्यावीच लागते. पुरस्कारासाठी विचाराधीन असलेले पुस्तक परीक्षक किंवा निवडप्रक्रियेत सहभागी असलेल्यांनी निकालापूर्वी सुचवू नये. परीक्षणासाठी आलेल्या अप्रकाशित हस्तलिखिताचा उल्लेखही करू नये. आणि लेखक स्नेही किंवा नातलग असेल तर तसे नोंदीतच स्पष्ट लिहावे. त्यामुळे शिफारशीचे वजन कमी होत नाही. वाचणाऱ्याला ती कोणत्या नात्याने आली आहे, एवढे कळते.

सर्वजण एकाच ठिकाणी काम करत असतील तर तक्ता आणि बैठक दोन्ही ठेवावे. सहकारी वेगवेगळ्या गावी किंवा वेगवेगळ्या वेळी काम करत असतील तर बैठकीचा आग्रह न धरता तक्ता एका व्यक्तीकडे सोपवावा आणि तिने महिन्याच्या शेवटी अपुऱ्या नोंदी संबंधितांकडून पूर्ण करून घ्याव्यात. संदेशगट ‘तक्त्यात नवी नोंद केली आहे’ एवढे कळवण्यापुरता वापरावा. शेवटी ‘शिफारशीवरून कोणी वाचले’ असा एक रकाना जोडावा आणि तीन महिन्यांनी तो उघडून पाहावा. तो रिकामा दिसला तर आधी ‘कोणासाठी आणि का’ या रकान्यातील नोंदी तपासाव्यात.