मॉडेल विमानाचे ४६ आकाराचे (०.४६ घनइंच) स्वस्त ग्लो इंजिन: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

शाफ्टच्या मागच्या बेअरिंगमधली, गोळ्या जागेवर धरणारी जाळी तुटून तिचे कण पिस्टन आणि स्लीव्हच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) मध्ये गेले आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात माझ्या मॉडेल विमानाचे इंजिन बंद पडले. विमान सुखरूप उतरले, पण पिस्टन-स्लीव्हचा संच निकामी झाला. बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, असे सांगून विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. हे चिनी इंजिन मी नामांकित जपानी इंजिनाच्या जवळपास निम्म्या किमतीत घेतले होते. ती बचत कोठून आली, हे ते उघडल्यावर कळले.

धातुकामात काटकसर केलेली नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. एबीसी (ॲल्युमिनियम पिस्टन, पितळी स्लीव्ह, क्रोम) रचनेत क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह वरच्या टोकाकडे किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन तेथे अडतो आणि तापल्यावर पितळ अधिक प्रसरण पावल्याने जोडणी नेमकी बसते. या इंजिनात ती उत्तम होती. ११ बाय ६ च्या (व्यास ११ इंच, पिच ६ इंच) प्रोपेलरवर ते महिनोन् महिने एकसारखे चालले, आणि संगणक-नियंत्रित यंत्रांच्या काळात उत्पादनखर्चाचा गुणवत्तेशी फारसा संबंध उरलेला नाही, असे माझे मत होत चालले होते.

बेअरिंगने ते मत बदलले. या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनमिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यातून) क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या कवचात येते. इंधनातील मेथॅनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यात मिसळलेल्या नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ले तयार होतात, त्यामुळे उरलेल्या ओलाव्याचा पहिला मारा मागच्या बेअरिंगवर होतो. प्रत्येक उड्डाणसत्रानंतर मी टाकी रिकामी करून आत तेल सोडत असे, तरीही गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे पडले होते. माझ्याच जुन्या जपानी इंजिनाने तेच इंधन आणि तीच हवा सोसली आहे, आणि त्याचे मूळ बेअरिंग अजून आवाज करत नाही.

तरीही ‘महाग तेच चांगले’ हा निष्कर्ष मला पटत नाही. कॅलिफोर्नियातील कॉक्स कंपनीचे ०.०४९ घनइंचाचे बेब बी हे इंजिन १९५६ मध्ये आले. ते मुलांना परवडेल इतके स्वस्त होते आणि तरी त्याचा पोलादी पिस्टन अत्यंत अचूक घासलेला असे. त्यात बॉल बेअरिंगच नव्हते, शाफ्ट थेट क्रँककेसमध्ये फिरत असे. कंपनीने खर्च वाचवला तो रचना साधी ठेवून आणि प्रचंड संख्येने उत्पादन करून. माझ्या इंजिनाच्या निर्मात्याने रचना महागड्या इंजिनाचीच ठेवली आणि बाहेरून न दिसणारा भाग हलक्या दर्जाचा वापरला. माझी चीड आहे ती यावर.

क्रँककेस ओव्हनमध्ये तापवून, लाकडावर आपटून मी जुने बेअरिंग काढले आणि चांगल्या कंपनीचे बसवले. नवा पिस्टन-स्लीव्ह संच धरूनही एकूण खर्च जपानी इंजिनापेक्षा कमी आहे, म्हणून प्रशिक्षण विमानावर हे इंजिन राहील. हे इंजिन घेणाऱ्याने मात्र बेअरिंगची किंमत पहिल्या दिवशीच हिशेबात धरावी आणि पावसाळ्याआधी ते बदलून घ्यावे.