आचे की मिंडानाव : बंडखोरांना सत्ता कशी द्यायची?

इंडोनेशियातल्या आचेमध्ये डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आठेक महिन्यांतच, १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत सरकार आणि 'गाम' (मुक्त आचे चळवळ) या बंडखोर संघटनेत करार झाला. 'गाम'ने स्वतंत्र देशाची मागणी सोडली आणि ८४० शस्त्रं जमा केली. करवतीने तुकडे झालेल्या त्या बंदुका लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. बदल्यात तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आणि स्थानिक पक्ष काढायची मुभा मिळाली. ही मुभा इंडोनेशियात इतर प्रांतांना नाही. डिसेंबर २००६ मध्ये 'गाम'चे इरवांदी युसूफ थेट निवडून गव्हर्नर झाले. (पुढे भ्रष्टाचारात तुरुंगातही गेले, ते वेगळं.)

फिलिपिन्सने सबुरीची वाट धरली. मिंडानाव बेटावरच्या मोरो (मुस्लिम) बंडखोरांशी २०१४ मध्ये करार, २०१९ मध्ये सार्वमत, मग बांगसामोरो या स्वायत्त प्रदेशात नेमलेलं हंगामी सरकार. शस्त्रं टप्प्याटप्प्याने. मात्र २०२२ ची निवडणूक २०२५ वर गेली आणि तीही पुढे ढकलली.

मला आचेचा मार्ग उजवा वाटतो, कारण तिथे मतपेटी लवकर आली. पण संघर्षकाळातल्या अत्याचारांची चौकशी तिथेही रखडलीच. सत्यशोधन आयोगाचे सदस्य नेमायलाच २०१६ उजाडलं.