पोरांनी चालवलेली लॅब, कॉलेजची लॅब की घरी स्वतःचा प्रिंटर?

माझ्या आतेबहिणीचं यंदा इंजिनीअरिंगला ऍडमिशन झालंय, घर ठाण्याला आणि कॉलेज नेरुळ साइडला, म्हणजे रोजची ट्रान्स हार्बर. पहिल्याच आठवड्यात तिचा मेसेज, दादा, सिनियर पोरांचा मेकर्स क्लब आहे, म्हणजे पोरांनीच चालवलेली वस्तू बनवायची लॅब, तो जॉइन करू, की कॉलेजने नवीन इनोव्हेशन लॅब काढलीय तिथे नाव देऊ, की बाबा थ्रीडी प्रिंटर घेऊन देतो म्हणतायत तो घेऊन मोकळी होऊ? तिला लांबलचक उत्तर लिहिलं तेच इथे टाकतोय, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांना असतो. मी स्वतः चार वर्षं असल्याच एका क्लबात काढलीत त्यामुळे माझं माप थोडं तिकडे झुकलेलं असणार, ते धरूनच वाच.

नुसत्या मशीन बघितल्या तर कॉलेजची लॅब जिंकते, वादच नाही. एसी, काचेचा दरवाजा, ओळीने प्रिंटर, मोठा लेझर कटर. आमच्याकडे कँटीनच्या मागची जुनी स्टोअर रूम होती, दोन प्रिंटर त्यातला एक कायम उघडा पडलेला, चार सोल्डरिंग स्टेशन, एक ड्रिल मशीन आणि एक सेकंडहँड लेझर. पण कॉलेजची लॅब दहा ते पाच, आणि तुझी लेक्चर नऊ ते साडेचार, मग जाणार कधी? वर अर्ज लिहायचा, एचओडींची सही, लॅब इन्चार्जची सही, आणि अर्जात काय बनवणार ते आधीच लिहायचं. अगं फर्स्ट इयरला काय बनवायचं हेच माहीत नसतं, ते तिथे जाऊन दुसऱ्याचं बघून सुचतं.

शिकण्याचं सांगतो, कारण खरा फरक इथेच आहे. सेकंड इयरच्या एका पोराने ऍक्रिलिक समजून पीव्हीसीची शीट लेझरखाली घातली. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो. थर्ड इयरच्या ताईने वासावरून ओळखलं, इमर्जन्सी स्टॉप दाबला, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शीटचा तुकडा मशीनवर खिळ्याने टांगला, खाली मार्करने ‘हे नाही’. कॉलेजच्या लॅबमध्ये हाच नियम लॅमिनेट करून लावलेला असतो, वाचतं कोण? पण याची दुसरी बाजूही आहे, त्या दिवशी ताई कँटीनला गेली असती तर? पोरांच्या लॅबची सेफ्टी म्हणजे त्या वेळी ड्युटीवर कोण आहे तेवढीच, म्हणून मशीनवर ट्रेनिंग न देता कुणालाही हात लावू देत असतील तर तिथून उलट्या पावली ये.

पावसाळ्याचंही तसंच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत नुसतं पाणी, फिलामेंट म्हणजे प्रिंटरची प्लॅस्टिकची तार ते ओढून घेते, मग प्रिंट करताना तडतड आवाज आणि पीसभर कोळ्याची जाळी. मी दोन आठवडे सेटिंग बदलत बसलो होतो. शेवटी एका सिनियरने सांगितलं, अरे रीळ आधी सुकव, मग घरून घट्ट झाकणाचा डबा आण आणि सिलिका जेल टाकून त्यात ठेव. आईचा चकलीचा डबा गेला तो गेलाच.

आता क्लबच्या खोडी. फायनल इयर बाहेर पडलं की अक्कलही त्यांच्याबरोबर जाते, आमच्या लेझरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत होता आणि तो पुण्याला नोकरीला लागला. प्लेसमेंट सुरू झाली की कोअर टीम गायब, सेम एक्झामला कुलूप. रोबोटिक्सवाल्यांची कॉम्पिटिशन आली की प्रिंटर पंधरा दिवस त्यांचाच. आणि तुला खास सांगतो, काही क्लबात मुलींना डेकोरेशन आणि इन्स्टा हँडल करायला बसवतात. मशीनच्या ड्युटी लिस्टवर मुलींची नावं आहेत का बघ, नसतील तर सरळ विचार का नाहीत.

पोरांनी चालवलं म्हणजे जुगाडच असं काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना वाटत असेल तर त्यांना सांग, अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये २००९ पासून इन्व्हेन्शन स्टुडिओ आहे तो विद्यार्थी व्हॉलंटियरच चालवतात. लांब कशाला, पवईला आयआयटीतली टिंकरर्स लॅबही मुलंच सांभाळतात. आणि फॅब लॅब, म्हणजे कुणीही येऊन वस्तू बनवायची अशी लॅब, हा प्रकार अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर पहिल्यांदा सुरू झाला तो २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात. हे मला स्वतःला खूप उशिरा कळलं.

घरच्या प्रिंटरबद्दल थोडक्यात. वीस-तीस हजार मशीनचे, वर किलोचं रीळ हजाराच्या आसपास, त्यामानाने क्लबची वर्षाची फी काहीच नाही, फिलामेंट ग्रॅमवर. घरी दोन महिने मोबाइल स्टँड आणि गणपतीच्या मखराची फुलं छापशील मग त्याच्यावर कपडे वाळत पडतील. वन बीएचकेमध्ये रात्रभर घरघर, आणि ते चालू ठेवून झोपायचं पण नाही. फायदा एकच पण मोठा आहे, प्रवास वाचतो. क्लबचं काम संध्याकाळी सहानंतर रंगतं, हॉस्टेलवाले निवांत असतात आणि तुला ठाणे लोकलचं टाइमटेबल बघत उठावं लागणार.

अजून एक चौथा पर्याय कुणी धरत नाही, एमआयडीसी. धातूचं काम आलं की वरचे तीनही पर्याय उपयोगाचे नाहीत, आपल्या छोट्या लेझरने स्टीलची पट्टी कापत नाही. रबाळे, महापे किंवा तुला जवळ म्हणजे वागळे इस्टेट. एका पीससाठी लोक दारात उभं करत नाहीत हे खरं, पण आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांनी ड्रॉइंग बघून विचारलं होतं, एवढा बारीक टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कशाला लिहिलास, पैसे जास्त झालेत का? ब्लॅक बुकच्या, म्हणजे फायनल प्रोजेक्ट रिपोर्टच्या अख्ख्या व्हायवात एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. पण हे थर्ड इयरनंतर, आत्ता नको.

तर माझं मत, क्लब. कॉलेजच्या लॅबमध्येही नाव देऊन ठेव, मोठं काही कापायचं असेल तेव्हा सह्या घेत फिर. प्रिंटर सेकंड इयरला बघू. पण माझ्यावर जाऊ नकोस, बुधवारी साडेपाचला न सांगता जा आणि फक्त विचार की शेवटचं काय बिघडलं आणि कुणी दुरुस्त केलं. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले तर थांब, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं तर सहाची गाडी पकड.

ती जाऊन आली. प्रिंटरचं नोझल चोकअप होतं, तिला तासभर टॉर्च धरायला उभं केलं, घरी पोचायला साडेआठ झाले. आत्या माझ्याशी बोलत नाहीये, काकांचा प्रिंटर अजून कार्टमध्येच आहे आणि ही उद्या चकलीचा डबा घेऊन जाणार आहे.