नऊ महिने, पाच अंक आणि मे महिन्यात सुटलेला डिंक

जानेवारीत वर्गणी भरलेल्या एका मराठी कॉमिक्सबद्दल लिहितो आहे. चित्रं चांगली आहेत, हे आधी सांगून टाकतो. ज्यांना तेवढंच विचारायचं होतं त्यांनी बिनधास्त वर्गणी भरावी, पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मला बाइंडिंगबद्दल बोलायचं आहे आणि ते लांबणार आहे.

प्रकाशनाचं नाव लिहीत नाही. तीन जणांचा कारभार आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. मराठीत स्वतंत्रपणे कॉमिक्स काढणारे आहेतच किती, ज्यांनी वर्गणी भरली त्यांना कळेल. दोन महिन्यांनी अंक, ४८ पानं, आर्ट पेपर, सगळं रंगीत. अंकाचे १८० आणि टपालाचे ६०, म्हणजे सहा अंकांचे १४४० रुपये. जानेवारीत भरले. घरी ९०० सांगितले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वर टिन, आत एक कूलर, तोही मशीनकडे तोंड करून. स्पायरल बाइंडिंग मी रोज करतो, त्यामुळे कागद कशाने धरला आहे हे माझ्या नजरेतून सुटत नाही. पहिला अंक हातात आला तेव्हाच पाठीवरून बोट फिरवलं आणि मनात आलं, एवढ्या बारीक अंकाला परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला नुसता डिंक? ४८ पानं म्हणजे कागद चोवीसच. जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. त्याला डिंकाने चिकटवायचं कशाला? पण नवीन वस्तू होती, गप्प बसलो.

एप्रिलच्या शेवटी दुसरा अंक आला. मुलगा आणि त्याचे दोस्त, सगळे पोट्टे, दुकानाच्या बाकावर बसून वाचायचे. मे उजाडला, पारा ४५ च्या वर गेला, आणि एक दिवस मुलगा आला ते हातात पान घेऊन. "बाबा, म्या काहीच नाही केलं." खरंच त्याने काही केलं नव्हतं. मी अंक उघडला तर १७ ते २४ ही पानं झाडाचं पिकलं पान सुटावं तशी अलगद हातात आली. पाठीला डिंकाची पिवळसर पट्टी तशीच शाबूत, तिच्यावर कागदाचा एक तंतू नाही. आठवड्यात पहिल्या अंकाचंही तेच.

आता हे का होतं ते सांगतो, कारण "उन्हात ठेवलं असेल" असं उत्तर मला मिळालं होतं. हा डिंक म्हणजे हॉट मेल्ट. प्रेसमध्ये १६०-१७० अंशांवर पातळ करतात, पाठीला लावतात, थंड झाला की धरतो. गरम होऊन धरलेली वस्तू गरम झाली की ढिली पडणारच. ४५ अंशांत तो वितळत नाही, कबूल, पण टिनाखाली, बंद गाडीत, पार्सलच्या ढिगाऱ्यात ४५ वर थोडंच थांबतं? त्यात कागद आर्ट पेपर. त्याच्यावर गुळगुळीत थर असतो, डिंक त्या थराला चिकटतो आणि आतल्या तंतूंपर्यंत जातच नाही. म्हणून पाठ आधी नीट खरवडून घ्यावी लागते. ती खरवडली नव्हती, हे मी भिंग लावून पाहिलं आहे. पीयूआर नावाचा महाग डिंक उन्हातही टिकतो, पण तोही इथे नको. इथे दोन पिना पाहिजेत. ४८ ला चाराने भाग जातो, दुमडलेले बारा कागद, मधोमध दोन पिना, संपला विषय.

माझ्या बाबांच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे अंक आहेत. ते कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, म्हणजे आमच्या पेटीतला सगळ्यात तरुण अंकही पस्तिशीचा. पिना गंजल्या, कागद तपकिरी झाला, एका मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं गोल आहे. पान एकही सुटलेलं नाही. असलेच उन्हाळे त्यांनीही काढले, आणि तेव्हा घरात कूलर नव्हता.

फोन केला. उचलणाऱ्या ताई नीट बोलल्या, फक्त मला काका म्हणाल्या. (मी ४३ चा आहे.) म्हणाल्या, "काका, पिना मारल्या तर पाठच राहत नाही. दुकानात उभं ठेवलं की नाव दिसायला हवं ना." मी म्हटलं, ताई, आमच्या तालुक्याला पुस्तकाचं दुकानच नाही, गाइडचं आहे. माझे अंक तांदळाच्या कोठीवर आडवे असतात. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग मीच शिवायला घेतलं. पानं जुळवली, पाठीपासून अर्धा सेंटिमीटर आत दाभणाने पाच भोकं पाडली, जाड दोरा ओवला. जुनी चोपडी शिवतात तसं. मजबूत झालं, आता बैल लावले तरी सुटणार नाही. पण दुसऱ्या अंकात मधोमध दोन पानभर एक चित्र आहे. रात्रीचं जिनिंग, कापसाचा डोंगर, त्यावर चढलेला चौकीदार कंदील वर धरून उभा. त्याचं तोंड नेमकं दोन पानांच्या मध्ये. शिवणीत त्याचा उजवा डोळा गेला. उरल्या डाव्या डोळ्याने तो माझ्याकडेच बघतो असं वाटतं.

आता त्यांच्या बातमीपत्राबद्दल. दर पंधरवड्याला व्हॉट्सॲपवर येतं. आधी मी ते उघडतही नव्हतो, कारण त्यात पुण्यात स्टॉल, मुंबईत स्टॉल, अमुक दिवशी चित्रकाराशी गप्पा. आम्हाला काय त्याचं. बाइंडिंगबद्दल काही लिहितात का हे बघायला मी मागचे सगळे वाचून काढले आणि माझं मत थोडं हललं. टपालाचे ६० का, ते त्यात होतं. पुस्तकांसाठीची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पाच किलोची पुस्तकं ८० रुपयांत देशभर कुठेही जायची, ते गेलं, आणि छोट्या प्रकाशकांना कुरिअर धरावं लागलं. कुरिअर आमच्या गावात येत नाही. तालुक्याहून फोन येतो, "घेऊन जा." जाऊन-येऊन २८ किलोमीटर, पेट्रोल माझं.

१ मे २०२५ पासून पोस्टाने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, वर कर. पण त्यात नियतकालिक चालत नाही आणि जाहिरातीही चालत नाहीत. यांच्या मुखपृष्ठावर ठळक 'द्वैमासिक, अंक ३'. म्हणून चौथ्यापासून त्यांनी 'पुस्तक ४' असं छापलं, द्वैमासिक काढलं, मागच्या पानावरची रंगांच्या दुकानाची जाहिरातही सोडली. ते दुकान पैसे देत होतं. हे वाचून मला थोडं वाईट वाटलं. किराणावाल्याच्या काट्यावर अंक ठेवून पाहिला, १६० ग्रॅम. पुठ्ठ्यासकट २३०. म्हणजे पहिल्याच टप्प्यात बसतो. मग माझे ६० मधले उरलेले कुठे गेले, हा प्रश्न मी विचारला आहे.

इथपर्यंत लिहून सप्टेंबरात ठेवून दिलं होतं. दोन तारे देणार होतो.

काल पोस्टमन दादा दुकानात आले आणि पाकीट टेबलावर ठेवून गेले. गावातल्या गावात, पेट्रोल शून्य. आत पाचवा आणि त्याच्यासोबत पहिला-दुसरा पुन्हा छापलेले. तिन्ही अंक पिना मारलेले. टपालाच्या उरलेल्या पैशांचा हिशोब एका चिठ्ठीवर पेनाने लिहिलेला, आणि ते पैसे सहाव्या अंकात वळते केलेले. बातमीपत्रात चार ओळी होत्या. विदर्भातून तक्रारी आल्या, ४८ पानांना यापुढे पिनाच, दुकानांसाठी वर्षाचे सहा अंक एकत्र जाड करून वेगळे बांधू. तक्रारी म्हणजे अनेकवचन. माझ्यासारखा अजून कोणी आहे म्हणायचा, वणीकडचा असावा, तिकडे कोळसा आणि ऊन दोन्ही.

दुसरा अंक मधोमध उघडला. सपाट पडला. चौकीदाराचे दोन्ही डोळे दिसले, आणि उजव्या डोळ्यात कंदिलाचा उजेड काढलेला आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "मले तं आधीच माहीत होतं, तुम्ही शिवाच्या आधी पाह्यलं म्या."

गोष्टीबद्दल फार लिहीत नाही. संवाद वऱ्हाडीत आहेत आणि ते खरे वाटतात, नाटकातल्या विनोदी नोकराची वऱ्हाडी नाही. तिसऱ्या अंकात बैलबंडीची चाकं लाकडी काढली आहेत, आमच्याकडे आता सगळ्यांच्या बंडीला टायर आहेत. हे चित्रकाराला कोणीतरी सांगा.

चार तारे. पुढच्या वर्षाचे पैसे भरले आहेत, घरी खरा आकडा सांगून. पाचव्या अंकाची वरची पिन घडीपासून दोन मिलिमीटर बाजूला बसली आहे. फोटो काढून पाठवला आहे, उत्तर आलं की इथे लिहीन.